वॉचमेन : कोल्हापुरातून वारंवार येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

झॅक स्नायडर यांचा 'वॉचमेन' ६ मार्च २००९ ला अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्याबद्दलचे प्रश्न अजून थांबलेले नाहीत. कुणी परवाच घरी पाहिलेला असतो, कुणी मूळ पुस्तक वाचून चिडलेलं असतं, तर कुणी मुलांसमोर लावून फसलेलं असतं. एकाच अर्थाचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. जिथे उत्तर दुसरीकडे आलं आहे तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. प्रश्न १४ पासून पुढे शेवट उघड होतो. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी १३ वर थांबावं.

१. नाव 'वॉचमेन' आहे, म्हणजे हा सोसायटीच्या वॉचमनबद्दलचा पिक्चर आहे का?

नाही, पण शब्द तोच आहे आणि अर्थही फार लांबचा नाही. वॉचमेन म्हणजे पहारेकरी. पहारेकऱ्यांवर पहारा कोण ठेवणार, हा जुव्हेनल या रोमन कवीचा जुना सवाल आहे आणि शीर्षक त्यावरून आलं आहे. कथेत शहराच्या भिंतींवर लोकांनी हाच सवाल रंगवलेला दिसतो. आपल्याकडे हीच गोष्ट 'कुंपणच शेत खातं' या तीन शब्दांत येते. मुखवटे घालून कायदा हातात घेणारी माणसं शेताची राखण करतात की शेतच खातात, याची ही गोष्ट आहे. मूळ पुस्तकात 'वॉचमेन' नावाचा कुठलाही संघ नाही. जुन्या पिढीच्या संघाचं नाव 'मिनिटमेन' आहे. चित्रपटात मात्र नव्या पिढीच्या संघालाच 'वॉचमेन' म्हटलं आहे. तेवढ्यानेही शीर्षकाचा सवाल जरा बोथट होतो.

२. ग्राफिक नॉव्हेल म्हणजे शेवटी कॉमिकच ना? मग ते लहान मुलांचं का नाही?

कॉमिक हा सांगण्याचा प्रकार आहे, वयोगट नव्हे. 'वॉचमेन' १९८६-८७ मध्ये १२ अंकांत निघालं आणि १९८७ मध्ये एकत्र पुस्तक झालं. लेखक ॲलन मूर, चित्रकार डेव्ह गिबन्स, रंग जॉन हिगिन्स यांचे. १९८८ मध्ये त्याला विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. विषय आहेत अणुयुद्धाची भीती, बलात्काराचा प्रयत्न आणि त्यानंतर त्या स्त्रीच्या मनात उरलेला गुंता, मोठ्या कामासाठी माणसं मारणं योग्य की अयोग्य. चौकटी आणि संवादांचे फुगे आहेत म्हणून हे विषय हलके होत नाहीत.

३. सुपरहिरोचा आहे म्हणून सातवीतल्या पोराला घेऊन बसलो आणि बंद करावा लागला. यात नेमकं काय काय आहे ते आधी सांगाल का?

सांगतो, आणि गुळमुळीत न सांगता सांगतो, कारण 'थोडी मारामारी आहे' एवढ्यावर कुणी निर्णय घेऊ नये.

सुरुवातीलाच कॉमेडियन या पात्राचा त्याच्याच घरात रक्तबंबाळ होईपर्यंत मार खाऊन खून होतो. पुढे एका स्त्रीवर बलात्काराचा प्रयत्न आहे. तिला पोटात आणि तोंडावर मारल्याचं स्पष्ट दिसतं. व्हिएतनाममध्ये एका गरोदर बाईला गोळी घातली जाते. अपहरण झालेल्या लहान मुलीचा खून आणि तिच्या देहाचे कुत्र्यांकडून झालेले हाल आहेत. तो प्रसंग थेट दाखवलेला नाही, पण जे दाखवलं आहे ते पुरेसं अस्वस्थ करतं. त्यानंतर खुन्याच्या डोक्यात सुरा घातला जातो. तुरुंगात एकाच्या तोंडावर उकळतं तेल ओततात आणि दुसऱ्याचे हात यंत्राच्या करवतीने कापतात. नाइट आउल या पात्राच्या उडत्या यानात बराच लांब शरीरसंबंधाचा प्रसंग आहे. डॉक्टर मॅनहॅटन हे निळं पात्र बहुतेक वेळ पूर्ण नग्न आहे (प्रश्न ८ पाहा).

सातवीच्या मुलासाठी हा चित्रपट अजिबात नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींचे पालक विचारतात तेव्हा आमचं मत असं की १८ पूर्ण होऊ द्या. त्यात रक्तापेक्षाही मोठं कारण आहे. वाईट काम करणाऱ्या माणसालाच गोष्ट मध्यभागी ठेवते आणि 'हे चूक' असं कुणीही येऊन सांगत नाही. ते पेलायला थोडं वय लागतं.

४. अमेरिकेत 'आर' आणि आपल्याकडे 'ए'. दोन्ही एकच का?

एक नाही. अमेरिकेत 'आर' म्हणजे १७ वर्षांखालच्या मुलाला आईवडील किंवा मोठं माणूस सोबत असेल तर प्रवेश आहे. आपल्या 'ए' प्रमाणपत्राला ती पळवाट नाही. १८ पूर्ण नसेल तर वडील शेजारी बसले तरी चित्रपटगृहात प्रवेश नाही. 'पोरगं माझं, तिकीट माझं' हा वाद तिकीट खिडकीवर घालू नका, त्यात तिथल्या माणसाचा नाइलाज असतो.

२०२३ च्या दुरुस्तीनंतर 'यूए' चे तीन भाग झाले आहेत : ७ वर्षांपुढे, १३ पुढे आणि १६ पुढे. हे तीन टप्पे पालकांनी निर्णय घ्यावा म्हणून आहेत. 'ए' मात्र होतं तसंच बंधनकारक आहे. घरी ऑनलाइन पाहताना २०२१ च्या नियमांनुसार याच धाटणीचे वयोगट दाखवले जातात आणि १३ पुढच्या मजकुराला पालकांसाठी कुलूप ठेवणं कंपन्यांना भाग आहे. ते कुलूप मुळात बंद नसतं, तुम्हाला लावावं लागतं. सेटिंगमध्ये जाऊन मुलांचं प्रोफाइल वेगळं करा, तुमच्या प्रोफाइलला चार आकडी पिन टाका. पिन म्हणून गाडीचा नंबर ठेवू नका, मुलांना तो पाठ असतो.

५. एकाने सांगितलं पावणेतीन तासांचा आहे, दुसरा म्हणतो साडेतीन. नेमका कोणता बघू?

दोघंही बरोबर आहेत. तीन आवृत्त्या आहेत.

चित्रपटगृहात आलेली १६२ मिनिटांची. दिग्दर्शकाची आवृत्ती १८६ मिनिटांची. आणि सर्वांत लांब २१५ मिनिटांची, जिच्यात कथेतल्या कथेसारखी येणारी चाच्यांची कॉमिक ॲनिमेशनच्या रूपात मध्ये मध्ये गुंफली आहे.

पहिल्यांदा पाहणार असाल तर १८६ मिनिटांची पाहा. तिच्यात म्हाताऱ्या हॉलिस मेसनचा, म्हणजे पहिल्या नाइट आउलचा, मृत्यू आहे. तो नसेल तर जुनी पिढी नुसती सजावट म्हणून उरते. २१५ मिनिटांची आवृत्ती पुस्तक वाचलेल्यांसाठी ठीक आहे. नवख्या माणसाला ते जहाज आणि ती प्रेतं अचानक कुठून आली तेच कळत नाही. पुस्तकात चाच्यांची गोष्ट आणि रस्त्यावरची गोष्ट एकाच पानावर शेजारी शेजारी चालतात, एकीचं वाक्य दुसरीच्या चित्रावर पडतं. पडद्यावर एक थांबते, मग दुसरी सुरू होते, आणि गाडी प्रत्येक वेळी नव्याने गिअरमध्ये टाकावी लागते.

तुमच्याकडे कोणती आहे ते कव्हरवरून नाही, चालू केल्यावर दिसणाऱ्या एकूण वेळेवरून ठरवा. एक गफलत मात्र नेहमी होते. पाल या टीव्ही पद्धतीच्या जुन्या डीव्हीडीवर चित्रपट सुमारे ४ टक्के वेगाने चालतो. त्यामुळे १६२ चे १५५ आणि १८६ चे साधारण १७९ दिसतात. म्हणजे सात मिनिटं कापली असं नव्हे. ब्लू-रेवर हा फरक पडत नाही.

मध्यंतर हवं असेल तर रॉर्शाक हा मुखवटेवाला पोलिसांच्या हाती लागतो तिथे थांबवा. साधारण मध्यावर येतो आणि गोष्टीचा सांधाही तिथेच आहे.

६. आधी पुस्तक वाचू की आधी पिक्चर?

पुस्तक. ४०० च्या आसपास पानं आहेत. रोज एक प्रकरण वाचलं तर बारा दिवस. घाई करू नका आणि पहिल्या अकरा प्रकरणांच्या शेवटी असलेली मजकुराची पानं सोडू नका. आत्मचरित्रातला उतारा, पोलिसांची कागदपत्रं, मुलाखत असं जे तिथे दिलं आहे ते पुरवणी नाही, गोष्टच आहे. कंटाळा आला म्हणून ती उलटून पुढे जाणाऱ्यांना सातव्या-आठव्या प्रकरणात धागा सापडत नाही.

विकत घेताना लेखक मूर आणि चित्रकार गिबन्स ही दोन नावं आणि १२ प्रकरणं तपासा. २०१२ मध्ये याच पात्रांच्या तरुणपणावर दुसऱ्या लेखकांनी केलेली पुस्तकं निघाली. ती तशाच कव्हरची दिसतात आणि चुकून तीच घरी येतात.

इंग्रजी जड जाईल अशी शंका असेल तर पहिलं प्रकरण हातात घेऊन बघा. रॉर्शाकच्या डायरीतली वाक्यं तुटक आहेत, पण शब्द सोपे आहेत.

७. पिक्चर लै भारी हाय म्हणत्यात समदी, मला अर्ध्यातच झोप आली. कोण कुणाचं कोण तेच कळंना. माझंच चुकतंय का?

तुमचं चुकत नाही. चित्रपट पन्नास वर्षांचा इतिहास पहिल्या काही मिनिटांत उरकतो आणि पुढे तो तुम्हाला पाठ आहे असं धरून चालतो. एवढं डोक्यात ठेवून परत लावा :

साल १९८५, पण वेगळ्या इतिहासातलं. या जगात अमेरिका व्हिएतनामचं युद्ध जिंकली आहे आणि निक्सन अजून राष्ट्राध्यक्ष आहेत. मुखवटेवाल्यांच्या दोन पिढ्या आहेत. १९४० च्या आसपासची पहिली, म्हणजे मिनिटमेन, आणि साठच्या दशकातली दुसरी. नाइट आउल आणि सिल्क स्पेक्टर ही नावं दोन्ही पिढ्यांत आहेत. नाइट आउलचं नाव एकाने दुसऱ्याला दिलं, सिल्क स्पेक्टरचं आईकडून मुलीकडे आलं. गोंधळ इथेच होतो. सॅली आई, लॉरी मुलगी. हॉलिस म्हातारा, डॅन आत्ताचा. कॉमेडियन एकटाच दोन्ही पिढ्यांत आहे. १९७७ च्या कायद्याने मुखवटे घालून फिरण्यावर बंदी आली. डॉक्टर मॅनहॅटन आणि कॉमेडियन सरकारसाठी काम करत राहिले, बाकीचे घरी बसले. रॉर्शाकने कायदा मानला नाही.

आणि नामावली सुरू असताना चहा टाकायला उठू नका. बॉब डिलनच्या गाण्यावर चालणारी ती नामावली हाच या चित्रपटाचा सर्वांत चांगला भाग आहे. जवळजवळ थांबलेली छायाचित्रं एकामागून एक येतात : फ्लॅशचा झोत, हसणारे चेहरे, मग त्यातल्याच एकीचा खून, एकाला वेड्यांच्या इस्पितळाची गाडी घेऊन जाते. पुस्तकाने आठवणी आणि कात्रणांतून अनेक प्रकरणांत सांगितलेलं इथे एकाही संवादाशिवाय सांगितलं आहे. दोनदा पाहा, पुढचे तीन तास सोपे जातील.

८. तो निळा माणूस कपडे का घालत नाही?

कारण त्याला माणसांत असण्याची गरज वाटेनाशी झाली आहे. जॉन ऑस्टरमन हा शास्त्रज्ञ १९५९ च्या अपघातात नष्ट होतो आणि स्वतःला पुन्हा घडवून परत येतो. सुरुवातीला सरकारने दिलेला पूर्ण पोशाख घालतो, मग वर्षागणिक कपडे कमी होत जातात. पुस्तकात कुठलंही पान उघडलं तरी त्याच्या अंगावर किती कापड आहे यावरून साधारण साल सांगता येतं. थिएटरात यावर हशा पिकतो असं अनेकांनी कळवलं आहे. पण ही नग्नता चाळवण्यासाठी नाही. पुतळा नागवा असतो तसा तो आहे.

चित्रीकरणात बिली क्रूडप यांनी निळे दिवे लावलेला पोशाख घालून काम केलं. त्यामुळे शेजारच्या माणसांच्या चेहऱ्यावर आणि भिंतीवर पडणारा निळा उजेड खरा आहे, नंतर रंगवलेला नाही. लॉरीसोबतच्या प्रसंगांत तिच्या गालाकडे लक्ष द्या.

९. एक गट म्हणतो पुस्तकाची हुबेहूब नक्कल, दुसरा म्हणतो आत्माच हरवला. खरं कोण?

दोघंही, आणि या चित्रपटावरच्या बहुतेक भांडणांचं मूळ इथे आहे.

नक्कल खरी आहे. कित्येक दृश्यांची मांडणी, पात्रांची उभं राहण्याची ढब, भिंतीवरची पोस्टरं, संवाद थेट पानावरून उचलले आहेत. पण पुस्तकाची खरी यंत्रणा चित्रात नाही, चौकटींच्या मांडणीत आहे. बहुतेक पानं नऊ सारख्या चौकटींची आहेत. पहिल्याच पानावर गटारात पडलेला, रक्ताचा ओघळ असलेला पिवळा हसरा बिल्ला दिसतो आणि मग चौकटीगणिक नजर वर वर सरकते. बिल्ला लहान होतो, रस्ता दिसतो, आणि शेवटच्या चौकटीत आपण थेट वरच्या मजल्यावरच्या फुटक्या खिडकीशी, खाली पाहणाऱ्या पोलिसाशेजारी पोचतो. किती वेगाने वर जायचं ते वाचणारा ठरवतो. थांबता येतं, मागे जाता येतं. पाचवं प्रकरण तर आरशासारखं रचलं आहे : पहिलं पान आणि शेवटचं पान यांची मांडणी जुळते, दुसऱ्याची शेवटून दुसऱ्याशी, असं मधल्या जोडपानापर्यंत. हे चित्रपटात येऊच शकत नाही आणि त्याबद्दल स्नायडर यांना दोष देण्यात अर्थ नाही. टेरी गिलियम यांच्यासारख्या दिग्दर्शकानेही या पुस्तकापुढे हात टेकले होते; दोन-अडीच तासांत त्याचं सार हरवतं असं त्यांना वाटलं.

दोष आहे तो दुसरीकडे. बोळातल्या मारामारीचं उदाहरण घ्या. डॅन आणि लॉरी यांना गुंड घेरतात. पुस्तकात हा प्रसंग मॅनहॅटनच्या दूरदर्शन मुलाखतीच्या मध्ये मध्ये येतो, चटकन उरकतो आणि शेवटी दोघं धापा टाकत, एकमेकांकडे न बघता उभे असतात. पोट सुटलेला मध्यमवयीन माणूस आणि त्याची अवघडलेली मैत्रीण. पडद्यावर तोच प्रसंग मोडलेल्या हाडांचा सोहळा होतो. कोपरातून हाड बाहेर येताना कॅमेरा रेंगाळतो, ठोसा संथ गतीत जातो.

खासबागेत ज्यांनी कुस्ती पाहिली आहे त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. डाव बसतो तो पापणी लवायच्या आत. मैदानातल्या अर्ध्या लोकांना पाठ टेकल्यावरच कळतं की झालं. जोर डावात असतो, तो दिसण्यात नसतो. संथ गतीने डावाची चित्रफीत होते आणि मार खाणाऱ्याची वेदना जाऊन मारणाऱ्याची ऐट उरते. पुस्तकाला हीच ऐट उतरवायची होती. मॅनहॅटन सोडून इथे कुणाकडेही शक्ती नाही, पण चित्रपटात हीच माणसं भिंती फोडतात आणि घट्ट घडीव पोशाखांत देखणी दिसतात.

तरीही चित्रपट टाकाऊ नाही. रॉर्शाकच्या भूमिकेत जॅकी अर्ल हेली मुखवट्याशिवायही घाबरवतात आणि मंगळावरचा भाग, जिथे मॅनहॅटनला सगळे काळ एकदम दिसतात, पुस्तकाच्या अगदी जवळ जातो. तिथे दिग्दर्शकाने मारामारी बाजूला ठेवली आहे, हे त्याचं कारण असावं.

१०. असला रक्तपात आपल्या मातीतला नाही. कोल्हापूर म्हणजे घरच्यांसोबत बसून बघायच्या पिक्चरचं गाव. मग याचं कौतुक कशाला?

याच गावात बाबुराव पेंटर यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनीत 'सैरंध्री' केला, १९२० साली. त्यातला भीमाने केलेला कीचकवध इतका खरा वाटला की प्रेक्षक हादरले आणि सरकारने तो भाग कापायला लावला. म्हणजे पडद्यावर हिंसा किती दाखवावी हा वाद कोल्हापूरला बाहेरून आलेला नाही. तो इथल्याच माणसाच्या कामापासून सुरू आहे.

प्रेक्षकाला हिंसेने हादरवणं हा गुन्हा नाही. हादरायच्या जागी त्याला मजा वाटली तर मात्र विचार करावा लागतो, आणि 'वॉचमेन' बद्दल आमची तक्रार तिथे आहे (प्रश्न ९).

११. आमच्या तालमीच्या हॉलमध्ये पडदा लावून दाखवायचा आहे. तिकीट ठेवणार नाही. चालेल का?

तिकीट नसलं तरी ते जाहीर प्रदर्शनच आहे. विकत घेतलेली डिस्क किंवा ऑनलाइन सदस्यत्व घरच्या पाहण्यापुरतं असतं. हॉलमध्ये दाखवायचं तर हक्क असलेल्या वितरकाकडून त्या तारखेची लेखी परवानगी घ्यावी लागते आणि कोणती आवृत्ती प्रमाणित झाली आहे तेही विचारून घ्यावं लागतं. १८६ किंवा २१५ मिनिटांची डिस्क हाताशी आहे म्हणून ती लावता येत नाही.

परवानगी मिळालीच तर दारात वयाचा पुरावा बघायला दोन माणसं बसवा आणि निमंत्रणावर मोठ्या अक्षरांत '१८ वर्षांवरील' लिहा. तालमीत पोरं आपलीच असतात, ती पडदा दिसला की आत येतात.

परवानगीच्या भानगडीत पडायचं नसेल तर चित्रपट ज्याने त्याने घरी पाहावा आणि हॉलमध्ये फक्त चर्चा ठेवावी. पुस्तकाच्या चार-पाच प्रती फिरत्या ठेवल्या तर चर्चा जास्त रंगते.

१२. ॲलन मूर यांचं नाव चित्रपटात कुठेच का नाही?

त्यांनी स्वतः नको म्हटलं म्हणून. नामावलीत फक्त डेव्ह गिबन्स यांचा, पुस्तकाचे सहजनक आणि चित्रकार म्हणून, उल्लेख आहे. मूर यांनी चित्रपटाचे पैसेही नाकारले आणि आपला वाटा गिबन्स यांना द्यायला सांगितला.

राग जुना आहे. पुस्तकाची छपाई थांबली की हक्क लेखक-चित्रकारांकडे परत जातील असा करार होता. त्या काळी कॉमिकची छपाई काही दिवसांत थांबायचीच, त्यामुळे करार भला वाटला. पण हे पुस्तक कधी छापायचं थांबलंच नाही, आणि हक्क कधी परत आले नाहीत. खप हाच लेखकाच्या मुळावर आला. गिबन्स यांनी मात्र चित्रपटाला मनापासून मदत केली. एकाच पुस्तकाच्या दोन जनकांचं इतकं वेगळं वागणं लोकांना खटकतं, पण दोघांनाही आपापल्या जागी तसा अधिकार आहे.

१३. पिक्चर आपटला होता का?

आपटला नाही, पण चाललाही नाही. खर्च सुमारे १३ कोटी डॉलर, जगभरातली कमाई साडेअठरा कोटींच्या आसपास. जाहिरात आणि चित्रपटगृहांचा वाटा वजा केला की हाती फारसं उरत नाही. पहिल्या आठवड्याअखेर अमेरिकेत साडेपाच कोटी आले आणि दुसऱ्या आठवड्याअखेर आकडा त्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर आला. पुस्तक वाचलेले पहिल्याच दिवशी येऊन गेले आणि सुपरहिरो बघायला आलेल्यांनी बाहेर जाऊन इतरांना या म्हणून सांगितलं नाही.

इथून पुढे शेवट उघड होतो.

१४. पुस्तकातला शेवट बदलला तो का? आणि कोणता चांगला?

पुस्तकात ऑझिमॅन्डियस, म्हणजे एड्रियन व्हाइट, प्रयोगशाळेत घडवलेला एक महाकाय प्राणी न्यूयॉर्कमध्ये आणून टाकतो. त्याच्या मानसिक धक्क्याने निम्मं शहर मरतं. परग्रहावरून हल्ला झाला या समजुतीने अमेरिका आणि सोव्हिएत रशिया युद्ध थांबवतात. चित्रपटात प्राणी नाही. मॅनहॅटनच्या ऊर्जेची नक्कल करणारे स्फोट जगातल्या अनेक शहरांत होतात आणि आळ मॅनहॅटनवर येतो.

बदलाचं कारण सोपं आहे. त्या प्राण्यामागे बेपत्ता झालेले कलावंत आणि शास्त्रज्ञ, त्यांचं बेट, त्यांचा खून असं मोठं उपकथानक आहे. ते घ्यायचं तर आणखी अर्धा तास लागतो. मॅनहॅटन तर कथेत आधीपासून आहे, म्हणून धागे कमी लागतात. कागदावर हा शेवट आटोपशीर आहे. एक छिद्र मात्र आहे. मॅनहॅटन अमेरिकेचं शस्त्र होता. मॉस्को उद्ध्वस्त झाल्यावर रशियाने अमेरिकेचा हात धरायचा की तिच्यावर क्षेपणास्त्रं सोडायची?

आमच्या दृष्टीने खरी हानी वेगळीच आहे. पुस्तकाचं बारावं प्रकरण सहा पूर्ण पानांच्या चित्रांनी उघडतं. चौकटी संपलेल्या असतात आणि रस्ताभर प्रेतं असतात. त्यांत वर्तमानपत्रवाला आणि त्याच्या टपरीशेजारी बसून फुकट कॉमिक वाचणारा मुलगा असतो, ज्यांना आपण आधीच्या प्रकरणांत वारंवार भेटलेलो असतो. चित्रपटात उरतो एक स्वच्छ, रिकामा खड्डा. करवतीने कापलेले हात जो चित्रपट डोळे भरून दाखवतो तोच लाखो माणसांच्या मृत्यूशी आल्यावर नजर वळवतो. प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र कशासाठी वापरायला हवं होतं, तर याच सहा पानांसाठी.

१५. संकटात माणसं भांडण विसरतात हे आपण महापुरात पाहिलं. मग व्हाइटचं गणित चुकलं कुठं?

हा प्रश्न कोल्हापूर-सांगलीकडूनच येतो, आणि तो खरा आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेचं पाणी घरात शिरलेलं असताना कुणी कुणाची जात-पक्ष विचारला नाही. होड्या निघाल्या, भाकरी गोळा झाल्या.

पण पुरात आधी पाणी आलं आणि मग माणसं धावली. व्हाइट आधी माणसं मारतो, मग उरलेल्यांनी धावावं अशी अपेक्षा करतो. शिवाय त्याची एकी खोट्यावर उभी आहे. खोटं उघडं पडलं की ती मोडणार, म्हणून ते झाकायला आणखी मारावं लागतं. पुस्तकातला सर्वांत क्रूर तपशील हा आहे की तो प्राण्याची तयारी करणाऱ्या सगळ्यांना आधीच संपवतो. आणि शेवटी तोच मॅनहॅटनला विचारतो की अखेर मी बरोबर ठरलो ना. पुस्तकात मॅनहॅटन उत्तर देतो की अखेर असं काही नसतंच. चित्रपटात हा संवाद या दोघांत होत नाही, तिथे लॉरी त्याचे शब्द म्हणून तो सांगते. व्हाइटच्या तोंडावर शंका पडायला हवी होती ती पडत नाही.

१६. रॉर्शाकच खरा हिरो ना? शेवटपर्यंत तत्त्व सोडत नाही.

तत्त्व सोडत नाही हे खरं. त्याचा मृत्यू वाचताना घशाशी येतं हेही खरं. पण त्याचं तत्त्व काय आहे ते डायरीत वाचा : बायकांचा तिरस्कार, गरिबांचा तिरस्कार, शहराने मदत मागितली तर 'नाही' म्हणायची आस. व्हाइटला लाखो माणसं आकडे वाटतात, रॉर्शाकला ती घाण वाटतात. लेखकाने दोघांना समोरासमोर उभं केलं आहे, कुणा एकाचा फोटो लावायला नव्हे. मुलीच्या खुन्याचा प्रसंगही ताडून पाहा. पुस्तकात तो खुन्याला बेडी घालून, करवत समोर ठेवून, घर पेटवून देतो आणि बाहेर उभा राहून तासभर बघतो. चित्रपटातला सुऱ्याचा वार त्यामानाने रागाचा आहे. राग आपल्याला समजतो, म्हणून पडद्यावरचा रॉर्शाक जवळचा वाटतो. पुस्तकातला तसा वाटू नये अशीच रचना आहे.

१७. यानंतर काय पाहू? २०१९ ची मालिका चित्रपटाच्या पुढची आहे का?

चित्रपटाच्या नव्हे, पुस्तकाच्या पुढची आहे. डेमन लिंडेलॉफ यांची ९ भागांची मालिका. तिच्यात तो महाकाय प्राणी घडून गेलेला आहे. फक्त चित्रपट पाहिलेला माणूस पहिल्याच भागात आभाळातून पडणारे छोटे प्राणी बघून चक्रावतो. निदान प्रश्न १४ वाचून मग लावा. तीही प्रौढांसाठीच आहे. २०२४ मध्ये दोन भागांत ॲनिमेशनपटही आला, तो पुस्तकाचा शेवट पाळतो.

१८. शेवटी ती डायरी छापली जाते का?

पुस्तक सांगत नाही. रॉर्शाकने ती मरण्याआधी एका उजव्या विचारांच्या वर्तमानपत्राला पाठवलेली असते. तिथे संपादक वैतागून आपल्या मदतनीस पोराला सांगतो की कोपऱ्यातल्या त्या ढिगातून काहीतरी उचल आणि पान भर. पोराच्या शर्टावर हसऱ्या चेहऱ्याचं चित्र आहे आणि खाताना सांडलेल्या सॉसचा डाग त्याच्या एका डोळ्यावर पडला आहे, पहिल्या पानावरच्या बिल्ल्यावर रक्ताचा ओघळ होता त्याच जागी. हात ढिगाकडे गेलेला आहे, डायरी ढिगात वरच आहे. चित्रपटातही हा प्रसंग जवळपास तसाच आहे. २०१९ च्या मालिकेने मात्र उत्तर दिलं आहे : डायरी छापली गेली, आणि वंशद्वेष्ट्यांच्या एका टोळीने रॉर्शाकचा मुखवटा स्वतःचा करून घेतला.